एक कोयता म्हणजे दोन माणसे

ऊसतोडीच्या धंद्यात माणसे माणशी मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. मुकादम कारखान्याशी करार करतो तो अमुक इतक्या कोयत्यांचा. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातून टोळ्या बाहेर पडतात, तेव्हा गावातून किती कोयते गेले हे कुणीही सांगू शकते. त्या आकड्याची दुप्पट केली की राबणाऱ्या माणसांचा अंदाज येतो. बरोबर गेलेली पोरे आणि मागे राहिलेली म्हातारी माणसे मात्र या हिशेबात कुठेच नसतात. ही मोजणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातले चित्र आता कुणाला दिसत नाही. दोन शरीरे वितळून एक व्हावीत आणि त्या एकाला चेहऱ्याऐवजी पाते असावे, असे हे चित्र आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या अभिव्यक्तिवादी चित्रकारांनी माणसाच्या आकाराची अशीच मोडतोड केली. पुढे 1937 साली नाझी राजवटीने म्युनिकमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले, ते ‘विकृत कला’ म्हणून हिणवण्यासाठी. बीडच्या बाबतीत ही विकृती चित्रकाराच्या कुंचल्यातून आलेली नाही. ती करारात, हिशेबात आणि बोलीत आधीच रुळलेली आहे. म्हणूनच या जिल्ह्याच्या दुःखाचा इतिहास समजून घ्यायला हुबेहूब चित्रापेक्षा मोडतोड केलेले चित्र अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते.

अभिव्यक्तिवाद म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो एडवर्ड मुंक आणि त्याची 1893 सालची ‘किंकाळी’. लालभडक आकाश, पूल, आणि दोन्ही हात कानांवर दाबलेली कवटीसारखी आकृती. ही आकृती किंचाळते आहे असे आपण धरून चालतो, पण मुंकच्या स्वतःच्या टिपणाप्रमाणे किंकाळी निसर्गातून उठली होती. आकृती ती ऐकू येऊ नये म्हणून कान झाकते आहे, असाच अर्थ त्यातून निघतो. इथे दुःख आहे, दुःख सोसणाराही आहे, पण ते कुठून आले याचा पत्ता नाही. दुसरे टोक आपल्या जवळचे. गोव्यातल्या साळगावात 1924 साली जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझाने 1959 साली ‘क्रुसिफिक्शन’ रंगवले. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. सूझाचा बाप तो तान्हा असतानाच गेला. देवीच्या आजारातून मुलगा वाचला म्हणून आईने सेंट फ्रान्सिस झेवियरचे नाव त्याच्या नावाला जोडले. अशा घरात श्रद्धेने वाढलेल्या या माणसाचा ख्रिस्त मात्र चर्चमधल्या गोऱ्या, शांत ख्रिस्तासारखा नाही. तो काळाठिक्कर आहे आणि त्याचे अंग काट्यांसारख्या रेषांनी बांधलेले आहे. इथे दुःखाला कारण आहे आणि आरोपीही आहेत. पण दुःख भोगणारा एकच आहे आणि तो एकमेवाद्वितीय आहे. बीडला या दोन्ही चित्रांचे माप बसत नाही. इथले दुःख अनामिक आकाशातून येत नाही आणि एकाच पुरुषाच्या वाट्यालाही येत नाही. ते हंगामाच्या तारखा पाळून येते, आगाऊ पैसे देऊन ठरवले जाते आणि जोडीने भोगले जाते.

या दुःखाला जवळचे चित्र सापडते ते बर्लिनच्या केटे कोलवित्झकडे. तिचा नवरा डॉक्टर होता आणि कामगार वस्तीत दवाखाना चालवत असे. तिथे येणाऱ्या बायका तिच्या चित्रांचा विषय ठरल्या. तिची बरीचशी कामे रंगचित्रे नाहीत, छापलेली मुद्राचित्रे आहेत. तिला काटेकोरपणे अभिव्यक्तिवादी म्हणावे की नाही यावर समीक्षक वादही घालतात. पण शरीर वाकवून अर्थ काढण्याची रीत तीच आहे. 1524-25 सालच्या जर्मन शेतकरी उठावावरची तिची सात चित्रांची मालिका 1908 मध्ये पूर्ण झाली. तिच्यातले पहिले चित्र नांगर ओढणाऱ्यांचे आहे. बैलांच्या जागी माणसे जुंपलेली आहेत आणि त्यांची अंगे इतकी पुढे झुकली आहेत की ती जमिनीला जवळजवळ समांतर झाली आहेत. त्याच मालिकेत एक बाई विळ्याच्या लांब पात्याला धार लावते आहे. डोळे जवळजवळ मिटलेले आणि चेहरा पात्याला इतका जवळ की हत्यार आणि गाल यांत अंतर उरलेले नाही. कोलवित्झ चेहऱ्यावर अश्रू काढत बसत नाही. काम शरीराला कोणता आकार देते ते ती दाखवते. दुःख ही मनाची अवस्था न राहता पाठीचा कोन होतो. ऊसतोडीच्या फडात हा कोन सगळीकडे दिसतो. गडी बुडख्याशी वाकून ऊस तोडतो. बाई तोडलेला ऊस गोळा करते, वाढे बाजूला काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत, पुढे फळीवरून ट्रकमध्ये चढवते. ज्या मजुरांकडे बैलगाडी नसते त्यांच्या कामाचे नावच ‘डोकी सेंटर’. म्हणजे इथेही माणसाचे नाव उरलेले नाही, त्याच्या एका अवयवाचे उरले आहे.

हा धंदा बीडमध्ये अनादि काळापासून नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. तो नैसर्गिक वाटतो हेच त्याचे मोठे यश आहे. बालाघाटच्या रांगेने हा जिल्हा दोन भागांत विभागला आहे. उत्तरेला गोदावरी सीमेवरून वाहते आणि तिच्या काठची गेवराई-माजलगावची जमीन काळीभोर आहे. डोंगरावरच्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर या भागांत माती उथळ आणि पाऊस बेभरवशाचा. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1956 मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. याच काळात पश्चिमेकडे वेगळेच काही घडत होते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास गाळप करू लागला आणि त्याच्या यशामागोमाग कारखान्यांची रांग लागली. धरणे, कालवे, कारखाने हे सारे तिकडे आणि कोरडी जमीन इकडे, अशी विभागणी एका राज्याच्या आत पक्की होत गेली. मग 1972 चा दुष्काळ आला. खडी फोडणे, पाझर तलाव खोदणे, मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढणे, ही त्या वर्षाची आठवण घराघरात आहे. मे 1973 मध्ये राज्यभर सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिचा कायदा 1977 मध्ये झाला. पण कोरडवाहू घरांना हंगामाचे रोख पैसे देणारा दुसरा मार्गही आता रुळला होता, आणि तो कारखान्याच्या काट्याकडे जात होता.

कारखान्यांना दूरची माणसे का हवी होती, याचे उत्तर उसातच आहे. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहतो तितका साखरेचा उतारा घटतो. म्हणून तोड, वाहतूक आणि गाळप हे घड्याळाला बांधलेले असते. ट्रक रात्री दोन वाजता आला तर मोळ्या रात्री दोन वाजताच भराव्या लागतात. घराजवळचा मजूर सणाला जाईल, आजारी पोराला घेऊन जाईल, दर वाढवून मागेल. फडाशेजारी कोपीत राहणारे, आगाऊ पैसे घेतलेले आणि गावापासून तुटलेले जोडपे यातले काहीच सहजी करू शकत नाही. या आगाऊ पैशाला उचल म्हणतात. ती पावसाळ्यात, घरातले धान्य संपत आलेले असताना मिळते. तीतून मागचे देणे, लग्न, दवाखाना, बियाणे असे सगळे भागते आणि हंगामभर ती अंगावरून फेडायची असते. हंगाम संपताना, पट्टा पडल्यावर, काही उरली तर ती पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. एक दिवस काम चुकले की खाडा धरला जातो, आणि खाडा जोडप्यावर बसतो, कारण कोयता अख्खा आहे. बाईला ताप आला तरी गड्याचीही मजुरी जाते. कोयता हे मोजमाप निव्वळ सोयीचे नाही, हे इथे कळते. शरीर आजारी पडण्याचा अधिकारच त्याने दोघांत मिळून एक असा करून टाकला आहे.

ही शब्दातली मोडतोड देहापर्यंत कशी पोचते, हे 2019 साली सगळ्या राज्यासमोर आले. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या आल्यावर सरकारने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड महिलांची नोंद झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे साधारण सहा बायकांत एक. त्यांत चाळिशीच्या आतल्या कितीतरी. कारणे एकच नव्हती. कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया करणारे खासगी दवाखाने होते, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे होती, फडात पाणी आणि आडोसा नसल्याने बळावलेले आजार होते. या सगळ्यांच्या मागे खाड्याचा हिशेबही होता. दर महिन्याला चार दिवस दुखणारे, रक्त जाणारे शरीर अख्ख्या कोयत्यात मावत नव्हते. ते मावेल इतके कापून लहान करण्यात आले. अभिव्यक्तिवादी चित्रकार कागदावर अवयव गाळतो, वाकवतो, लांबवतो, तेव्हा आपण त्याला अतिशयोक्ती म्हणतो. बीडच्या बाबतीत त्याला तो शब्द लावता येत नाही. जे देहावर झाले आहे त्याच्यापुढे कुठलीही रेषा कमीच तीव्र असेल.

तरीही बीडचे जे चित्र महाराष्ट्राच्या मनात बसले आहे ते वेगळेच आहे. भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, हाताचा आडोसा करून आभाळाकडे पाहणारा म्हातारा शेतकरी. दर दुष्काळात वर्तमानपत्रांत हेच छायाचित्र फिरते, फक्त म्हातारा बदलतो. यात खोटे काही नाही, पण नजरेची दिशा पाहा. तो वर बघतो आहे, म्हणून आपणही दुःखाचा उगम वर, ढगांत शोधतो. ऊस कुठे पिकतो, कालवा कुठे जातो, उचल कोण देतो हे त्या चौकटीत येत नाही. मुंकच्या चित्रासारखेच हे बिनपत्त्याचे दुःख आहे, तेही मुंकच्या प्रामाणिकपणाशिवाय, कारण मुंकने निदान आकाशच किंचाळताना दाखवले. ‘दुष्काळी जिल्हा’ हा शब्दही हेच काम करतो. पाऊस कमी पडणे ही हवामानाची गोष्ट आहे. त्या कमी पावसाचे स्वस्त आणि बांधील मजुरीत रूपांतर होणे हा इतिहास आहे, आणि इतिहासाला माणसे जबाबदार असतात. परळी, माजलगाव, गेवराई, अंबाजोगाई या भागांत पुढे साखर कारखाने उभे राहिले, तरी टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे आणि कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटकडे जातच राहिल्या. पावसाने हे स्पष्ट होत नाही, उचलीने होते.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की जर्मनीतली चित्रभाषा बालाघाटावर लादण्यात काय हशील? अभिव्यक्तिवाद मुंबईपर्यंत आला तोही नाझींपासून पळालेल्या वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडेन, इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्यासारख्यांच्या सहवासातून, आणि 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने तो आपलासा केला. निजामाच्या राज्यातल्या एका जिल्ह्याचा त्याच्याशी संबंध काय? नाव परके आहे हे खरे, रीत मात्र परकी नाही. बीड शहरात पाण्याने वेढलेले जे जुने मंदिर आहे त्या देवाचे नाव कंकालेश्वर. कंकाल म्हणजे हाडांचा सापळा, आणि शैव परंपरेत शिवाचे कंकालरूप मान्यच आहे. वेरूळच्या चौदाव्या आणि एकविसाव्या लेण्यात सप्तमातृकांच्या शेजारी काल आणि काली कोरलेले आहेत. बरगड्या उघड्या, पोट पाठीला लागलेले, डोळे खोबणीत गेलेले. ज्या शिल्पींनी बाजूलाच भरदार अंगाच्या देवता घडवल्या त्यांनाच हे सापळेही घडवता येत होते, म्हणजे आकार मोडणे हे त्यांचे अज्ञान नव्हते, निवड होती. अर्थात ही सावधगिरी हवी की वेरूळचा सापळा उपाशी मजुराचा नाही, तो काळाचा आणि मृत्यूचा आहे. परंपरेने मोडक्या आकाराला मान्यता दिली, मजुराला मूर्तीत जागा दिली नाही. कोलवित्झची गरज इथे लागते. तिने तीच मोडतोड देवावरून काढून नांगराच्या पट्ट्याखाली आणली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. माणसांना वाकडे, कुरूप, तुटलेले दाखवणे म्हणजे त्यांचा मान काढून घेणे नव्हे काय? आणि दुःखाचे चित्र पाहणारा शेवटी बघ्याच असतो ना? या शंकेला इतिहासाचा आधार आहे. 1876-78 च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने अस्थिपंजर झालेल्या कुटुंबांना कॅमेऱ्यासमोर नीट मांडून बसवले आणि त्यांची छायाचित्रे काढली. त्यांच्या मदतीला कुणी धावले का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि त्या छायाचित्रांची थट्टाही झाली. पण हूपरचा दोष काय होता ते तपासले पाहिजे. त्याच्या चित्रांत शरीरे हुबेहूब होती आणि त्यांची उपासमार करणारी व्यवस्था गायब होती. कॅमेरा मजुराकडे वळला होता, कोठाराकडे नव्हे. कोलवित्झची माणसे कुरूप आहेत, पण पट्टा दिसतो, ओझे दिसते, हत्यार दिसते. कुरूपता त्यांच्यात नाही, त्यांच्यावर आलेली आहे, हे पाहणाऱ्याला कळते. मान राखायचा म्हणजे चेहरा सुंदर काढायचा असे नाही. तो चेहरा असा कशाने झाला ते चित्रातून न वगळणे यात मान आहे. 1898 मध्ये कोलवित्झच्या विणकरांवरच्या मालिकेला पदक द्यावे अशी शिफारस झाली आणि जर्मन सम्राट कैसरने ती फेटाळली. निव्वळ दया उत्पन्न करणाऱ्या चित्रांवर बादशहा रागावत नाहीत.

तिसरा आक्षेप बीडमधूनच येईल आणि तो सर्वांत वजनदार आहे. ऊसतोड मजूर म्हणजे नुसता सोसणारा नाही. त्याच पैशातून कुणी घर बांधले, कुणी मुलांना शिकवले, कुणी बैलजोडी घेतली, कुणी मुकादम झाला. वंजारी, बंजारा, दलित, मराठा अशा समाजांतून आलेल्या या मजुरांनी संप केले, बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे नेते उभे केले, कारखान्यांच्या साखर संघाला कराराच्या टेबलावर बसवले. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली ती भीक म्हणून नव्हे. हे सगळे खरे आहे आणि फक्त किंकाळीचे चित्र काढणारा ते विसरतो. पण कोलवित्झच्या मालिकेत नांगर ओढणाऱ्यांनंतर धार लावणारी बाई येते, नंतर शस्त्रे गोळा होतात आणि मग उठाव फुटतो. दुःख तिथे क्रमातले पहिले पान आहे, एकमेव नाही. शिवाय त्या कराराकडेच पाहिले तर दर ठरतो टनामागे, आणि टन तोडणारा पुन्हा कोयताच. दर वाढतो, मोजण्याची रीत तीच राहते. संघर्षाने मजुरीचा आकडा बदलला, दोन माणसांचे एक हत्यार करणारे व्याकरण त्याच्या हाताबाहेर राहिले. समितीचे आकडे पुरेसे आहेत, चित्र कशाला, असे म्हणणाऱ्यालाही उत्तर इथेच आहे. 13,861 हा आकडा बाई मोजतो म्हणून तो धक्का देतो. त्याआधी कित्येक वर्षे कोयत्यांचे आकडे छापले जात होते आणि त्यांत ती बाई दिसतच नव्हती. काय मोजायचे हे आधी नजरेने ठरते.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या महिला ऊसतोड कामगारांच्या संघटनेची मागणी दिसायला किरकोळ असली तरी मुळावर बोट ठेवणारी आहे. बाईची नोंद मजूर म्हणून स्वतंत्र करा, तिच्या कामाचे पैसे तिच्या नावावर द्या. ग्रामसेवकामार्फत मजुरांची नोंद करून प्रत्येकाला ओळखपत्र द्यायचे सरकारनेही ठरवले आहे. ओळखपत्रावरचे छायाचित्र हे अभिव्यक्तिवादाच्या अगदी उलट टोकाचे चित्र असते. समोरून, सरळ, कान दिसतील असे, एका चौकटीत एकच माणूस. कलेच्या दृष्टीने त्याहून निर्जीव चित्र सापडणार नाही. पण ज्या धंद्यात दोन माणसांचा मिळून एक कोयता होतो, तिथे एका बाईचा एकटीचा फोटो आणि त्याखाली तिचे नाव, ही मोजणीची रीत उलटवणारी गोष्ट आहे. मोडलेल्या आकाराचे चित्र आपल्याला मोडतोड कुठे झाली ते दाखवते. ती दुरुस्त झाली की नाही हे मात्र त्या साध्या चित्रावरूनच कळेल, आणि तेही पुढच्या हंगामात मुकादमाच्या वहीत त्या बाईची ओळ वेगळी पडली तरच.